डिलीट करू का, हे विचारलं कुणी?

(लेखात शेवटापर्यंतचं कथानक उघड केलं आहे. ‘प्लुटो’ वाचायची असेल, तर आधी ती वाचा, मग इकडे या.)

एक डिटेक्टिव्ह एका घराचं दार वाजवतो. ड्यूटीवर असताना मारल्या गेलेल्या एका पोलिसाच्या बायकोला बातमी द्यायची आहे. मेलेला पोलीस रोबो, बायको रोबो आणि बातमी आणणारा डिटेक्टिव्हही रोबोच. बायकोचा चेहरा म्हणजे निव्वळ धातू, भाव दाखवू शकेल असं त्यावर काहीच नाही. डिटेक्टिव्ह तिला विचारतो, नवऱ्याच्या आठवणी काढून टाकायच्या आहेत का? ती नको म्हणते.

नाओकी उरासावा तोच न हलणारा चेहरा पुन्हापुन्हा काढतो. रेषा जवळपास त्याच असतात, तरी पान संपेपर्यंत आपल्याला त्यात दुःख दिसायला लागतं. मी हे पहिल्यांदा फोनवर वाचलं आणि पुढचं पान यायला बोट उलट्या दिशेने सरकवायचं विसरून तिथेच थांबलो. त्या डिटेक्टिव्हचं नाव गेझिश्त. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘चेहरा’.

‘प्लुटो’ २००३ ते २००९ या काळात जपानमध्ये क्रमशः आली. आठ खंड आहेत. २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर तिची अ‍ॅनिमे मालिकाही आली. मूळ गोष्ट ओसामु तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मधली, १९६४-६५ची: जगातल्या सात बलाढ्य रोबोंना कुणीतरी एकेक करून संपवतंय. तेझुकांचा नायक अर्थातच छोटा अ‍ॅटम. गेझिश्त तिथे त्या सातांपैकी एक, येतो आणि जातो. उरासावाने या दुय्यम पात्राला युरोपोलचा डिटेक्टिव्ह म्हणून मध्यभागी आणलं. तो तपास करतोय आणि मरणाऱ्यांच्या यादीत त्याचंही नाव आहे.

डिटेक्टिव्ह आणि त्याचा अँड्रॉइड जोडीदार ही जोडी विज्ञानकथेत जुनी आहे. असिमॉव्हच्या ‘द केव्हज ऑफ स्टील’मध्ये (१९५४) माणूस असलेल्या डिटेक्टिव्हला रोबो जोडीदार मिळतो. आधी त्याला संशय, मग हळूहळू विश्वास. तिथे आपण यंत्राकडे माणसाच्या डोळ्यांनी बघतो. ‘प्लुटो’मध्ये ती सोय नाही. डिटेक्टिव्हही यंत्र आणि त्याचा खरा जोडीदार अ‍ॅटमही यंत्र. दोघं भेटतात तेव्हा गेझिश्त त्याला आपली मेमरी वाचू देतो. अ‍ॅटम सगळं शांतपणे ऐकतो, पाहतो आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन एकटाच रडतो. त्याने नेमकं काय पाहिलं, ते आपल्याला तेव्हा सांगितलं जात नाही.

इथे थोडं माझ्या कामाबद्दल. पहिल्या नोकरीत माझ्याकडे ‘अकाउंट डिलीट करा’ या बटणाचं काम आलं होतं. मला वाटलं, एका ओळीची क्वेरी आहे. सीनियरने समजावलं, अरे, रो खरोखर उडवलीस तर तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या बाकीच्या टेबलांचं काय? ऑर्डर, रिव्ह्यू, तक्रारी, सगळे अधांतरी लटकतील. म्हणून एका कॉलममध्ये ० चा १ करायचा. माहिती तिथेच राहते, फक्त दिसत नाही. आम्ही याला सॉफ्ट डिलीट म्हणतो. युजरला मात्र स्क्रीनवर ‘तुमचं अकाउंट डिलीट झालं आहे’ असंच दिसतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

गेझिश्तची गोष्ट त्या लटकणाऱ्या टेबलांची आहे. पहिल्याच प्रसंगात तो दुःस्वप्नातून दचकून उठतो. पुढे पुढे भंगाराचा ढीग आणि ५०० झ्यूस या भावाची आठवण तुकड्यातुकड्याने परत येते. त्याने आणि त्याच्या बायकोने, हेलेनाने, एका मोडक्या रोबो मुलाला घरी आणून वाढवलं होतं. एका माणसाने त्या मुलाचा नाश केला आणि गेझिश्तने त्या माणसाला ठार मारलं. रोबोने माणसाला मारायचं नाही, हा त्या जगाचा पाया. म्हणून वरिष्ठांनी त्याच्या डोक्यातून तो गुन्हा पुसला आणि गुन्ह्यासोबत मूलही पुसलं. रो गेली, पण तिच्याकडे बोट दाखवणारं सगळं जागेवर राहिलं.

आता सुरुवातीचं ते दार पुन्हा आठवा. पोलिसाच्या बायकोला गेझिश्तने विचारलं होतं. त्याला स्वतःला मात्र कुणीही विचारलं नव्हतं. आणि हे विचारताना त्याला आपल्याच बाबतीत काय झालंय याचा पत्ता नव्हता. माझ्या मते अख्खी ‘प्लुटो’ या दोन प्रसंगांच्या मधल्या अंतरात आहे. यंत्राला भावना असतात का, हा प्रश्न उरासावा पहिल्या खंडातच मागे टाकतो. त्याचा प्रश्न वेगळा आहे: ज्याचं दुःख आहे त्याला न विचारता ते काढून घेण्याचा हक्क कुणाला? ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून आपल्यापासून लपवलेल्या गोष्टी आपल्या घरांतही असतातच.

हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेही २००३च. ‘प्लुटो’त एक महासत्ता पर्शियाकडे संहारक रोबो असल्याचा आरोप करते, शोधपथक पाठवलं जातं, युद्ध होतं आणि ठोस काही सापडत नाही. त्या युद्धात लढलेला नॉर्थ नंबर टू नावाचा रोबो आता स्कॉटलंडमध्ये एका अंध संगीतकाराचा बटलर आहे आणि त्याला पियानो शिकायचाय. युद्ध विसरून जग पुढे जातं, लढलेले मात्र विसरू शकत नाहीत.

सगळंच जमलंय असं नाही. शेवटच्या खंडांत प्रचंड यंत्रं आणि जग वाचवण्याची घाई येते. सुरुवातीचा तो शांत, दारात उभा राहणारा सूर हरवतो. पर्शिया हा देश वाळू, राजवाडा आणि सूड यांपलीकडे फारसा उलगडत नाही. अ‍ॅटमची बहीण उरान सोडली, तर बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला वाट बघणं आणि शोक करणं एवढंच येतं.

तरी त्यातला हेलेनाचा शोक मी विसरू शकत नाही. गेझिश्त मारला जातो, तोही एका लहान रोबो मुलाच्या हातून. हेलेनाला रडता येत नाही. अ‍ॅटमला घडवणारे डॉक्टर तेन्मा तिला सांगतात, माणसांची नक्कल कर. ती नक्कल करते आणि करता करता खरंच रडते. मग गेझिश्तची मेमरी चिप निपचित पडलेल्या अ‍ॅटमला बसवली जाते. तो जागा होतो तो गेझिश्तचा सगळा द्वेष घेऊन. प्लुटोला संपवायची संधी मिळते तेव्हा त्याचा हात थांबतो, तोही त्याच आठवणींमुळे. द्वेषातून काही निपजत नाही, हे गेझिश्तला अखेर कळलेलं असतं. ती मेमरी स्वच्छ करून बसवली असती, तर ते शहाणपणही गेलं असतं.

मी अजूनही अशीच बटणं बनवतो. ‘प्लुटो’नंतर एक बदल केला: डिलीटच्या आधी येणाऱ्या स्क्रीनवर काय पुसलं जाणार आणि काय मागे राहणार, हे साध्या भाषेत लिहायचा आग्रह धरला. मजकूर लांबला म्हणून डिझायनर वैतागला. शेवटी तीन ओळी मंजूर झाल्या.