मोबाइलमधली मोजमापे : आकडा आला कुठून?

गणेशोत्सवाआधी महिना-दोन महिने कर्वेनगरच्या नदीकाठच्या रस्त्याला संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. राजाराम पुलापर्यंत आवाज पोचतो. तिथल्या एका शाळेतल्या नववीच्या मुलांनी हा आवाज मोजायचे ठरवले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांत आहे, हे त्यांनी पुस्तकात वाचले होते. शाळेकडे ध्वनिमापक नव्हता. पण शिक्षकांचे तीन मोबाइल होते. तिन्हींवर एकच अ‍ॅप उतरवून घेतले आणि फोन शेजारी शेजारी धरले. एकाच ढोलाचा आवाज तिघांनी तीन प्रकारे सांगितला. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात दहा डेसिबलांहून अधिक अंतर होते. मुलांनी सरासरी काढली आणि तक्ता आमच्याकडे पाठवून विचारले, "यांतला कुठला फोन बरोबर?"

प्रश्न छान आहे. मोबाइल आणि अ‍ॅप यांची जी तुलना आपण नेहमी वाचतो, तिच्यात तो विचारलेलाच नसतो. तिथे किंमत असते, किती लोकांनी उतरवून घेतले ते असते, पाचांपैकी किती तारे मिळाले ते असते, पडदा किती देखणा आहे हेही असते. मोजण्याचे साधन म्हणून एखादी वस्तू घेताना यांतले काहीही फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून आम्ही नेहमीच्या वापरातली काही अ‍ॅप घेतली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : हा आकडा तू आणलास कुठून?

आधी आवाजाचे पाहू. फोनमध्ये मायक्रोफोन खराखुरा असतो, तेव्हा मोजमाप होते यात शंका नाही. पण तो बसवलेला असतो तोंडाजवळच्या बोलण्यासाठी. हळू आवाज वाढवून आणि मोठा दाबून पलीकडच्याला सारखे ऐकू यावे, अशी सोय फोनमध्ये केलेली असते. बोलण्याला ती वरदान आहे, मोजण्याला शाप. अ‍ॅपला ही सोय काही फोनांत बंद करता येते, काहींत येत नाही. शिवाय आवाज मायक्रोफोनच्या पल्ल्याबाहेर गेला की आकडा वर चढायचा थांबतो. ढोल आणखी जोरात वाजले तरी अ‍ॅप तिथेच! अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य विषयक राष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये अशा अ‍ॅपांची प्रयोगशाळेत तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा कसोटीला उतरलेली अ‍ॅप अगदी मोजकी निघाली. पुढे २०१७ मध्ये तिने स्वतःचे अ‍ॅप काढले, पण फक्त आयफोनसाठी. कारण उघड आहे. आयफोनचे नमुने थोडे, त्यांचे मायक्रोफोन माहीत असलेले. अँड्रॉइड फोन मात्र शेकडो कंपन्यांचे आणि प्रत्येकाचा मायक्रोफोन वेगळा. म्हणजे तपासायचे असते ते अ‍ॅप एकटे नव्हे, अ‍ॅप आणि फोन यांची जोडी.

मुलांच्या सरासरीबद्दलही एक शब्द. डेसिबल हे लॉगरिदमच्या पट्टीवरचे माप आहे. ७० आणि ८० डेसिबल यांची ऊर्जेच्या हिशेबाने सरासरी ७५ येत नाही, ती ७७ च्या थोडी वर येते. अकरावीच्या वर्गाला हा हिशेब अवश्य करायला द्यावा.

मग फोन टाकाऊ का? तसेही नाही. एकाच फोनने, एकाच जागी, एकाच पद्धतीने रोज मोजले तर कालच्यापेक्षा आज आवाज जास्त होता का, खिडकी लावल्याने किती फरक पडला, हे बऱ्यापैकी कळते. तुलना जमते, नियमाच्या आकड्याशी भांडण जमत नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचा आवाज अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे सीओईपीचे, विद्यार्थी कित्येक वर्षे मोजत आले आहेत. त्यांचे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रात येतात आणि त्यांवर चर्चा होते. त्या आकड्यांना वजन आहे ते हातात ध्वनिमापक असतो म्हणून, आणि ठरलेल्या चौकांत ठरलेल्या वेळी उभे राहण्याची शिस्त आहे म्हणूनही. आमच्या नववीच्या मुलांना आम्ही कळवले आहे की फोन कुठलाही एकच घ्या, आणि एकदा तरी ओळखीच्या महाविद्यालयातून खरा ध्वनिमापक मागून आणून त्याच्या शेजारी धरा. दोघांतला फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उंची मोजणाऱ्या अ‍ॅपांची गंमत आणखी निराळी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हे भूगोलात पाठ केलेले. कर्वेनगरात रस्त्यावर उभे राहून एका अ‍ॅपने साधारण तसाच आकडा दाखवला, दुसऱ्याने पाचशेच्या आसपास. दुसरे चुकले असे कुणीही म्हणेल. पण त्याने उपग्रहांकडून मिळालेली उंची प्रामाणिकपणे सांगितली होती! उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती लंबगोलापासून. खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाला धरून नसते. गुरुत्वाकर्षण जिथे कमी-जास्त तिथे ती खाली-वर होते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती लंबगोलाच्या शंभराहून अधिक मीटर खाली आहे, आणि त्या खळग्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. पुण्याच्या परिसरात हा फरक साठ-सत्तर मीटर भरतो. काही अ‍ॅप ही दुरुस्ती करून आकडा दाखवतात, काही करत नाहीत, आणि आपण काय केले हे सांगण्याची तसदी फार थोडी घेतात. परीक्षणात आम्ही सर्वांत जास्त गुण कापले ते या मौनाबद्दल.

ज्या फोनांत वायुभारमापक असतो, त्यांत हवेच्या दाबावरूनही उंची काढता येते. आपल्याकडे दाब एक हेक्टोपास्कल कमी झाला म्हणजे आपण सुमारे नऊ मीटर वर चढलो. इमारतीचा एक मजला चढला तरी हा संवेदक ओळखतो, हे वर्गात दाखवण्यासारखे आहे. उपग्रहांवर विसंबणाऱ्या अ‍ॅपला मजल्याचा पत्ताही लागत नाही.

मात्र हाच फोन सकाळी दहा वाजता टेबलावर ठेवा आणि दुपारी चारला पाहा. टेबल तीस-एक मीटर वर गेलेले असेल. कर्वेनगरातली सगळी घरे रोज दुपारी अशी वर चढतात आणि रात्री दहापर्यंत खाली येतात. कारण असे की, उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला रोज दोनदा भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. सकाळ ते दुपार हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलांचा. अ‍ॅपने दाब बरोबर मोजला, पण दाब बदलला म्हणजे माणूस चढला असा निष्कर्ष काढला. आमच्या मते सबंध परीक्षणातला हा सर्वांत सुंदर दोष आहे. ज्या शाळेत असा एक फोन आहे तिथे दिवसभर तासातासाला दाब लिहून आलेख काढता येईल, आणि तो आलेख विकत मिळणाऱ्या कुठल्याही उंचीमापकापेक्षा जास्त शिकवील.

पावले मोजणारी अ‍ॅप आम्ही लवकर बाजूला ठेवली. त्यांचा संवेदक हादरे मोजतो, आणि कोणता हादरा पाऊल म्हणायचा हे अ‍ॅप ठरवते. एवढे लक्षात ठेवून वापरायला हरकत नाही. प्रकाश मोजणाऱ्यांचेही तसेच. खिडकीजवळचा बाक आणि कोपऱ्यातला बाक यांत किती पट फरक आहे ते त्यांनी चांगले दाखवले.

होकायंत्राकडे मात्र थांबावे लागेल. स्वस्त फोनांत पुष्कळदा चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदकच नसतो, तरी होकायंत्राचे अ‍ॅप उतरवून घेता येते. ज्यांत संवेदक असतो त्यांनाही लोखंडी टेबल, फोनच्या वेष्टणातला चुंबक, स्लॅबमधल्या सळया असे शेजारी छळतातच. तपासायची एक सोपी रीत आहे. क्षेत्राची एकूण तीव्रता दाखवणारे अ‍ॅप घ्या. पुण्यात ती सुमारे ४० मायक्रोटेस्ला हवी. मैदानात फोन आडवा धरून सावकाश पूर्ण फिरवा. दिशा बदलेल, एकूण तीव्रता बदलता कामा नये. ती बदलली तर जवळ लोखंड आहे, किंवा फोनचे आतले जुळवणे बिघडले आहे. दुसरा साक्षीदार म्हणजे सूर्य. जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली सर्वांत आखूड होते, तेव्हा ती दक्षिणोत्तर असते. पुण्यात ही वेळ वर्षभरात साधारण १२ वाजून १८ मिनिटे ते १२ वाजून ४९ मिनिटे यांच्या दरम्यान सरकते. मे महिन्याचा मध्य आणि जुलैअखेर सोडून हा प्रयोग करावा, कारण तेव्हा दुपारी सावलीच उरत नाही. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे दोन्ही पद्धती जुळायला हव्यात.

चुंबकमापनाच्या बाबतीत महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहांनी नोंदी बिघडतील हे ओळखून काम अलिबागला हलवले गेले. १९०४ मध्ये तिथली वेधशाळा सुरू झाली. पण कुलाब्याची उपकरणे त्या दिवशी बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे बरोबरच नोंदी घेतल्या, म्हणजे नव्या जागेचे आकडे जुन्यांशी जोडता यावेत. फोन बदलला की जुने अ‍ॅप त्याच दिवशी पुसून टाकणाऱ्या आपल्या पिढीने ही दोन वर्षे डोळ्यांपुढे आणावीत.

आता 'थर्मामीटर' नावाची अ‍ॅप. ती वापरताना फोनला खोलीचे तापमान कळते असा बहुतेकांचा समज असतो. बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारा संवेदक २०१३ साली एका प्रसिद्ध फोनमध्ये आला आणि पुढे गेलाही. फोन स्वतःच तापतो, खिशात माणसाच्या अंगाला चिकटून असतो, मग त्याला हवेचे तापमान कसे कळावे? सध्याच्या बहुतेक फोनांवर ही अ‍ॅप एक तर बॅटरीचे तापमान दाखवतात, नाही तर इंटरनेटवरून 'कर्वेनगर'चे तापमान आणतात. ते कर्वेनगरात कुणी मोजलेले नसते. आसपासच्या केंद्रांच्या नोंदी आणि संगणकाचे गणित यांतून तो अंदाज निघतो. जवळचे प्रसिद्ध केंद्र म्हणजे शिवाजीनगरची वेधशाळा, आपले सिमला ऑफिस. बाहेरून आकडा आणणे हा अर्थात गुन्हा नव्हे. हवामान खात्याचे 'मौसम' किंवा पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे विजेची सूचना देणारे 'दामिनी' ही अ‍ॅप उघडपणे बाहेरूनच माहिती आणतात, आणि वीज कुठे पडली हे फोनला एकट्याने कळणारही नाही. आक्षेप आहे तो आणलेल्या आकड्याला मोजलेला म्हणण्याला.

या फरकाची किंमत आपण २०२० आणि २०२१ मध्ये पाहिली. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर बाजारातून नाहीसे झाले तेव्हा कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तातला ऑक्सिजन सांगणारी अ‍ॅप घरोघर फिरली. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७०च्या दशकात शोधलेल्या तत्त्वानुसार ऑक्सिमीटरला दोन प्रकाश लागतात, एक तांबडा आणि एक अवरक्त. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि त्या प्रमाणावरून आकडा निघतो. फोनच्या दिव्याचा प्रकाश पांढरा, आणि कॅमेऱ्यापुढे अवरक्त किरण अडवणारी काच मुद्दाम बसवलेली. तरी अ‍ॅप ९८ दाखवत असे, आणि खाली तारे चमकत असत. तारे देणारे खोटे नव्हते. निरोगी माणसाचे प्रमाण ९७-९९ असतेच. नेहमी ९८ दाखवणारा कागदाचा तुकडाही त्यांच्या बाबतीत बरोबर ठरला असता. ९४ च्या खाली गेलेल्या रुग्णाला तोच तुकडा ९८ सांगतो, आणि तारे द्यायला तो रुग्ण आलेला नसतो.

त्याच बोटावरून फोन नाडी मात्र चांगली मोजतो. दर ठोक्याला बोटात रक्त वाढते, प्रकाश किंचित कमी होतो, आणि कॅमेऱ्याला ते दिसते. वर्गात मुलांनी जोडीने बसावे. एकाने मनगटावर हात ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे, दुसऱ्याने अ‍ॅप चालवावे. मग दोघांनी जिना चढून यावे आणि पुन्हा मोजावे.