शिरेतले 'फुप्फुस' : नाव मोठे, जागा अपुरी

'कृत्रिम फुप्फुस' हा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी जरा थांबावे. अमेरिकेत मॉर्टेन्सन यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या 'आयव्हॉक्स'ची कथा त्यासाठी उपयोगी आहे.

आयव्हॉक्स म्हणजे बारीक, पोकळ तंतूंची जुडी. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून ती महाशिरेत सरकवायची. तंतूंच्या आतून शुद्ध ऑक्सिजन, बाहेरून रक्त. देवघेव तंतूच्या भिंतीतून. ऑक्सिजन दाबाने ढकलत नसत, निर्वाताने ओढून घेत. त्यामुळे एखादा तंतू फुटला तरी रक्तात बुडबुडे शिरण्याचा धोका कमी. (ही युक्ती मला फार आवडते.)

१९९० च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. आयव्हॉक्समधून साधारण ४० ते ७० मिलिलिटर मिळे. साधन बाजारात आलेच नाही.

असे का? 'पृष्ठफळ कमी' हे ठरलेले उत्तर. वायुकोशांचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर, तंतूंचे फार तर अर्धा चौरस मीटर. पण मग मुलांनी विचारायला हवे : क्षेत्रफळ १४० पट कमी, तरी गरजेच्या पाव हिश्श्यापर्यंत ऑक्सिजन मिळाला कसा? एक तर हवेत ऑक्सिजन २१ टक्के, इथे तो शुद्ध. शिवाय विश्रांतीत फुप्फुसे आपली पूर्ण क्षमता वापरतच नाहीत. म्हणजे ठरलेले उत्तर अर्धेच आहे.

उरलेले अर्धे रक्तात आहे. फुप्फुसातल्या केशवाहिनीत तांबड्या पेशी जवळजवळ एकेक करून, हवेपासून जेमतेम एका मायक्रॉनवरून जातात. महाशिरेत मात्र रक्ताचा लोट तंतूंच्या कडेने सरकतो. तंतूला चिकटलेला थर ऑक्सिजनने भरून तिथेच रेंगाळतो, पलीकडचे रक्त तसेच पुढे जाते. तंतू वाढवावेत, तर हृदयाकडे परतणारे रक्त अडते. पिट्सबर्गमध्ये हॅटलर यांनी जुडीच्या मध्यभागी फुगणारा-मिटणारा फुगा बसवला, तो रक्त ढवळण्यासाठी. शरीराबाहेरच्या एक्मो यंत्रात जागेची अडचण नाही आणि रक्त पंपाने तंतूंवर लोटले जाते.

तरीही आयव्हॉक्सला 'फसलेले' म्हणणे मला पटत नाही. आजारी फुप्फुसांचा थोडा भार हलका करणे एवढेच त्याचे काम होते. अपेक्षा वाढवली ती नावाने. 'फुप्फुस बसवले' असे ऐकणाऱ्या नातेवाइकांना काय वाटेल?

वर्गात दोन पेले पाणी घ्या, दोन्हींत साखर टाका आणि एकच ढवळा. चव मुलांना घेऊ द्या.