पाण्यावाचून पाहिलेली राजधानी

अहिल्यानगरविषयी, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरविषयी, आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कैरो-बगदादची उपमा, चांदबीबीचे शौर्य आणि किल्ल्यातील नेहरूंचा बंदिवास इतके आले म्हणजे लेखकाला कर्तव्य संपल्यासारखे वाटते. वास्तू कलाकृती म्हणून कशा उतरल्या आहेत, हा प्रश्न बाजूस राहतो. निजामशाहीची ही राजधानी आम्ही एक दिवस पायी हिंडून पाहिली, ती याच प्रश्नासाठी.

सीना नदीजवळच्या बागरोझ्यात १४९४ साली शहर वसविणाऱ्या अहमद निजामशहाची कबर आहे. काळ्या दगडाची ही वास्तू गंभीर आहे, पण भव्यतेचा आव आणीत नाही. राज्य नवे होते, हे तिच्यात दिसते. तेथून शहर ओलांडून किल्ल्याकडे गेले की जवळच दमडी मशीद लागते. मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी देऊन ती उभारली, अशी लोककथा आहे. तिचा काळ १५६७-६८. आमच्या मते नगरमधील सर्वांत निर्दोष वास्तू हीच. आकार लहान, आणि दगडावरील कोरीवकाम त्या आकाराला पेलेल इतकेच. येथे समीक्षकाला फारसे काम उरत नाही.

खरा वाद फराहबागेशी आहे. मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ साली ही अष्टकोनी वास्तू पूर्ण झाली. आधी उभारलेला महाल न आवडल्याने शहाने तो पाडविला, असे सांगतात. (असा परखड समीक्षक आमच्या साहित्यातही विरळाच!) आज येणारा पाहुणा तिला बोजड म्हणतो. उंच कमानी, जाड भिंती आणि भोवती माळ असे दृश्य पाहता त्याला दोष देता येत नाही. परंतु महाल तलावाच्या मध्यभागी बांधला होता. कमानीची उंची पाण्यातील प्रतिबिंबासह दुप्पट दिसावी, दगडाचे वजन त्या हलत्या छायेत विरावे, अशीच ती रचना असली पाहिजे. तळ कोरडा पडल्यावर उरते ते अर्धेच काम. ओळीचा उत्तरार्ध खोडून कवीचे वृत्त चुकले म्हणावे, तसा हा न्याय झाला.

हे पाणी आपोआप आलेले नव्हते. पर्जन्यछायेच्या या मुलखात कापूरवाडी, शेंडी अशा गावांकडून खापरी नळांच्या नहरांनी ते राजधानीत खेळविले होते. म्हणजे वास्तूचा आराखडा महालाच्या पायरीशी संपत नव्हता. तो कित्येक मैल जमिनीखाली पसरलेला होता. प्रवासवर्णनकार मात्र घुमट मोजतात आणि नहरांना एका वाक्यात उरकतात.

पूर्वेच्या डोंगरावरील सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, त्या दिवशी पायी गाठता आली नाही. फराहबागेतूनच वेळेवर पाय निघाला नाही. पाण्याची पातळी कमानीच्या उंबऱ्यापासून किती खाली राहत असेल, हे आम्ही भिंतीवरील डागांवरून अजमावीत होतो.