नकाशावरचं पांढरं वर्तुळ

मेट्रोच्या नकाशावर दोन रंगीत रेषा भेटतात तिथे बहुतेक वेळा एक छोटं पांढरं वर्तुळ असतं. त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथे उतरा, इथे गाडी बदला. पण त्या नकाशात सगळ्यात मोठी थाप कुठे असेल, तर ती याच वर्तुळात. दोन स्थानकांना जोडणाऱ्या रेषेला निदान लांबी तरी असते. वर्तुळाला लांबीच नाही. त्याच्या आत किती पायऱ्या आहेत, किती रांगा आहेत, किती वेळा बॅग तपासणीच्या यंत्रातून काढायची आहे, जूनमध्ये किती भिजायचं आहे, यातलं काहीही त्यात दिसत नाही.

असे नकाशे काढायची पद्धत रुळली ती लंडनमध्ये. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने काढलेला तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ साली छापला गेला. त्याने जमिनीवरची खरी अंतरं सरळ बाजूला ठेवली आणि रेषा सरळ केल्या. कारण साधं होतं. भुयारातून जाणाऱ्याला वर कुठला रस्ता कसा वळतो याच्याशी काय देणंघेणं? कुठे चढायचं, कुठे बदलायचं, कुठे उतरायचं, एवढं कळलं की झालं. गाडीत बसलेल्या माणसापुरतं हे खरंच आहे. गाडीतून उतरलेल्या माणसाला मात्र ते लागू पडत नाही. तो उतरला की अंतर पुन्हा खरं होतं आणि त्याच्या पायांना ते मोजावं लागतं.

आपल्याकडच्या इंटरचेंजकडे टीकाकाराच्या नजरेने पाहिलं, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. रेषांना मालक आहेत. वर्तुळाला कुणी मालक नाही.

दादरपासून सुरुवात करू. ब्रिटिश काळात इथे दोन वेगळ्या कंपन्यांच्या रेल्वे शेजारून जात होत्या. बीबीसीआय आणि जीआयपी. १९५१ मध्ये त्यांची पश्चिम आणि मध्य रेल्वे झाली. कंपन्या गेल्या, सरकारी रेल्वे आली, देशाचा मालक बदलला. पण दादरला दोन एक नंबरचे फलाट राहिले. दोन तीन नंबर, दोन चार नंबर. एक पश्चिमेचा, एक मध्यचा. ज्याला फक्त ‘दादरला चार नंबरवर ये’ असा निरोप मिळाला, त्याने नेमकं कुठे जायचं? रोजच्या माणसाला हे तोंडपाठ होतं आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. बाहेरगावची गाडी पकडायला आलेल्या माणसाला मात्र त्या ज्ञानाची फी भरावी लागायची.

ही गफलत दुरुस्त झाली डिसेंबर २०२३ मध्ये. पश्चिम रेल्वेचे एक ते सात नंबर तसेच ठेवले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत नंबर दिले. एकही वीट हलवावी लागली नाही. पाट्या, घोषणा आणि फलक बदलले, बस्स. त्यासाठी बहात्तर वर्षं लागली. पैसा नव्हता किंवा तंत्रज्ञान नव्हतं, असं म्हणायची सोयच इथे नाही. दोन्ही रेल्वे आपापल्या घरात बरोबर होत्या. चूक होती ती दोन घरांच्या मधल्या बोळात, आणि बोळ झाडायची पाळी कुणाचीच नव्हती.

जुन्या स्थानकाचं सोडा, हे नव्या मेट्रोतही घडतं. घाटकोपर ते वर्सोवा या पहिल्या मार्गावर ‘अंधेरी’ नावाचं स्थानक आहे आणि ते रेल्वेच्या अंधेरीला लागूनच आहे. पुढे दहिसरकडून येणारी २अ मार्गिका सुरू झाली. तिचं शेवटचं स्थानक ‘अंधेरी पश्चिम’. नवख्या माणसाला काय वाटेल? अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेच्या दाराबाहेर पडलं की समोर हे स्थानक असणार. प्रत्यक्षात ते डी. एन. नगरला आहे, म्हणजे पहिल्या मेट्रोवर अंधेरीच्या पुढचं दुसरं स्थानक. एकाच जागी दोन मार्ग भेटतात, पण एका मार्गावर तिचं नाव डी. एन. नगर आणि दुसऱ्यावर अंधेरी पश्चिम. तसंच महामार्गापाशी. एका मेट्रोचं ‘वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे’, दुसरीचं ‘गुंदवली’. इथे दोन्ही स्थानकं पुलाने जोडलेली आहेत, चालणं सोपं आहे, पण नावं अशी की जोडलेली आहेत हे आधी माहीत असावं लागतं.

नाव हाही डिझाइनचाच भाग आहे. खरं तर पहिला भाग. माणूस स्थानकाला पाय लावण्याआधी त्याचं नाव वाचतो. दोन मार्गांची मालकी वेगळी म्हणून एका जागेला दोन नावं मिळणं, हे घरातल्या एकाच मुलाला काकांनी एका नावाने आणि मामांनी दुसऱ्या नावाने शाळेत घालण्यासारखं आहे.

इथवरचं सगळं गैरसोयीच्या खात्यात टाकता येईल. पण बोळ कुणाचाच नसला की काय होतं, हे मुंबईने २९ सप्टेंबर २०१७ रोजी पाहिलं. पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि मध्य रेल्वेचं परळ ही शेजारशेजारची स्थानकं एका अरुंद पुलाने जोडलेली होती. सकाळची ऑफिसची वेळ, अचानक आलेला पाऊस. जे पुलावर होते ते पाऊस थांबायची वाट पाहत तिथेच थांबले. खाली गाड्या येत राहिल्या आणि प्रत्येक गाडी नवी माणसं जिन्यावर सोडत राहिली. त्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली.

अफवा, घाई, गर्दीची बेशिस्त अशी बरीच कारणं नंतर चर्चेत आली. पण त्या पुलाचं वाचन नीट केलं तर त्याची कामं मोजता येतात. तो एका रेल्वेतून दुसरीत जायचा रस्ता होता, स्टेशनबाहेर पडायचा रस्ता होता आणि पावसात आडोसाही होता. ही तिन्ही कामं एका जिन्यावर आली होती. आणि तो पूल बांधला गेला तेव्हा आजूबाजूला गिरण्या होत्या. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, त्यात कॉल सेंटरं, बँका, चॅनलांची ऑफिसं आली. जमिनीचा भाव बदलला, त्यावर उभं राहणाऱ्या माणसांची संख्या बदलली. जिना तेवढाच राहिला. इमारतीला परवानगी देणारा एक, रस्ता सांभाळणारा दुसरा, एका बाजूची रेल्वे तिसरी आणि दुसऱ्या बाजूची चौथी. दहाव्या मजल्यावरचा माणूस सकाळी साडेदहाला कुठल्या जिन्याने येणार, हे बघायचं काम यांच्यातल्या एकाचंही नव्हतं.

दुर्घटनेनंतर सैन्याला बोलावलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे नवा पूल उघडला. पाच महिने. म्हणजे कुणीतरी एकाने ‘हे माझं काम’ म्हटलं की ते होत होतं. दुसरीकडे, मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. वाट मोकळी हवी यात वादच नाही. पण फेरीवाला तिथे बसतो कारण शहरातल्या हजारो माणसांचं चालणं त्या चिंचोळ्या जागेतून जातं. इंटरचेंजचा खरा नकाशा त्याला ठाऊक असतो. नियोजन करणाऱ्यांनी तो त्याच्याकडून घ्यायला हरकत नव्हती.

हे असंच असायला हवं असं नाही. सिंगापूरमध्ये मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गांची आखणी एकत्र झाली. सिटी हॉल आणि रॅफल्स प्लेस या लागोपाठच्या दोन्ही स्थानकांवर ते मार्ग भेटतात, आणि कुठल्या दिशेला जायचं त्यानुसार यातल्या एका स्थानकावर उतरलं की पुढची गाडी त्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला लागते. दहा-बारा पावलं. जिना नाही. एकाऐवजी दोन स्थानकं या कामाला लावली, कारण सगळ्या दिशांच्या प्रवाशांना ही सोय मिळावी असं कुणीतरी कागदावरच ठरवलं होतं.

यावर उत्तर तयार असतं. ते नवं शहर, श्रीमंत शहर. आपले मार्ग वेगवेगळ्या शतकांत टाकलेले, जागा नाही. उत्तर अगदीच खोटं नाही. म्हणून लांब न जाता ठाण्याला जाऊ. ठाणे पश्चिमेला सॅटिस म्हणून जो उन्नत पूल आहे, त्यावर शहराच्या बसगाड्या येतात. रेल्वेच्या पादचारी पुलावरून आलेला माणूस खाली न उतरता त्याच उंचीवर बसच्या रांगेत जाऊन उभा राहतो. सॅटिस देखणं नाही. त्याच्या खाली अंधार आहे, रिक्षांची कोंडी आहे, आणि गर्दीच्या वेळी वरच्या रांगाही लांबतात. पण त्याच्या मुळाशी एक शहाणपणाचा विचार आहे: माणूस आधीच वर चढलेला आहे, तर बस वर आणा. मुंबईत स्टेशनाबाहेर उभारलेल्या स्कायवॉकमध्ये नेमका हाच विचार कमी पडला. २००८ मध्ये वांद्र्यापासून त्यांची सुरुवात झाली. त्यांनी चालणाऱ्याला रस्त्यावरून उचलून वर ठेवलं, पण बस आणि रिक्षा राहिल्या खाली. मग लोक खालूनच चालत राहिले.

पुण्यात याच्या उलट गोष्ट घडली. जिल्हा न्यायालय स्थानकात दोन मेट्रो मार्ग भेटतात. एक भुयारात, एक उंचावर, पण दोन्ही एकाच संस्थेचे, म्हणून एका इमारतीत, एका तिकिटात काम भागतं. तिथून पुढचंच स्थानक शिवाजीनगर. मेट्रोच्या कामासाठी तिथला एसटी स्टँड वाकडेवाडीला हलवला. मेट्रो, एसटी आणि रेल्वे एकत्र आणायची स्वप्नं त्या जागेसाठी रंगवली गेली. २०२३ मध्ये शिवाजीनगरला मेट्रो सुरू झाली तेव्हा एसटी वाकडेवाडीतच होती. नगरहून किंवा नाशिकहून आलेल्या माणसाला मेट्रो मिळाली, फक्त तिच्यापर्यंत जायला रिक्षा करावी लागली.

वाहतुकीच्या नियोजनात एक जुना हिशेब आहे. गाडीत बसून गेलेलं मिनिट आणि चालण्यात किंवा ताटकळण्यात गेलेलं मिनिट सारखं धरत नाहीत. दुसऱ्याचं वजन साधारण दुप्पट धरतात, कारण माणसाला ते तेवढं जड वाटतं. म्हणजे मेट्रोने वाचवलेली दहा मिनिटं गाडी बदलताना पाच मिनिटांत खर्च होतात. हे शास्त्र कुणाला ठाऊक नाही असं नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात मोठ्या शहरांसाठी एकच वाहतूक प्राधिकरण हवं असं लिहिलेलं आहे. हिशेबही आहे, धोरणही आहे. ते मानायला भाग पाडणारं कुणी नाही.

आता उपाय म्हणून आपल्या हातात अ‍ॅप आलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ सुरू झालं. अकरा वाहतूक संस्था, एक तिकीट. ही गोष्ट लहान नाही; खिडकीपुढची एक रांग कमी होणं म्हणजे खरोखर वेळ वाचणं. पण गंमत अशी की त्याच महिन्यात पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोच्या स्थानकांत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून तिकीट काढण्यापुरतं वायफाय द्यावं लागलं. पडद्यावर अकरा संस्था एका रांगेत आल्या. जमिनीवर त्या अजून आपापल्या कुंपणाच्या आत आहेत. क्यूआर कोड जिना रुंद करत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला तो लिफ्टपर्यंत नेत नाही.

मेट्रो ३ पूर्ण झाली तेव्हा बातम्यांत आकडे होते: ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. अभिमान वाटावा असेच आहेत. पण या आकड्यांत रेषेचीच मोजणी आहे. पुढचा मार्ग उघडेल तेव्हा आपण दुसरे आकडे मागायला हवेत. या फलाटावरून त्या फलाटावर जायला सकाळी साडेनऊला किती मिनिटं लागतात? किती पायऱ्या? लिफ्ट कुठे आहे, आणि दोन्ही बाजूंना आहे का? सरकता जिना उतरायलाही आहे की फक्त चढायला? वाटेत छप्पर कुठे संपतं? आणि हे बिघडलं तर फोन कुणाला करायचा, त्या एका अधिकाऱ्याचं पद. ही माहिती प्रत्येक पांढऱ्या वर्तुळाशेजारी छापता येईल एवढी थोडी आहे. ती छापायची म्हणजे आधी कुणीतरी ते अंतर चालून पाहावं लागेल.