‘इफ्युझिव’ म्हणजे शाबासकी नव्हे

माझ्या पहिल्या संशोधन-प्रस्तावाच्या समासात गाइडनी एकच शब्द लिहिला होता: ‘इफ्युझिव’. शब्दकोश उघडला. ‘भावना भरभरून व्यक्त करणारा’ असा अर्थ सापडला आणि मी खूश! दोन दिवसांनी कळलं, ती शाबासकी नव्हती, दुरुस्ती होती.

शब्दकोश चुकला नव्हता, अपुरा होता. हा शब्द तुम्हाला विज्ञानात आधीच भेटलाय. लॅटिन मुळाचा अर्थ ‘बाहेर ओतणं’. बारीक छिद्रातून वायू निसटतो, ते ग्रॅहॅमच्या नियमातलं इफ्युजन. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचतं, ते प्ल्युरल इफ्युजन. ज्वालामुखीचे उद्रेकही ढोबळमानाने दोन प्रकारचे: स्फोट होतो तो एक्स्प्लोझिव, लाव्हा नुसता वाहत पसरतो तो इफ्युझिव. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच थरांचे.

भाषेतही हाच फरक लक्षात ठेवा. भावना अनावर झाली म्हणून प्रत्येक वेळी हा शब्द चालत नाही. संतापाने कुणी फुटलं तर त्याला सहसा इफ्युझिव म्हणत नाहीत. स्तुती, आभार, स्वागत यांच्याशीच तो जास्त जुळतो. शिवाय ‘भरभरून’मध्ये निव्वळ कौतुक आहे, ‘इफ्युझिव’मध्ये बरेचदा ‘जरा जास्तच झालं’ असा सूर असतो. माझ्या मते मराठीत त्याला जवळचं ‘ऊतू जाणं’. दूध वर येईपर्यंत छान, ऊतू गेलं की ओटा पुसा!

मी काय लिहिलं होतं? ‘या क्षेत्रातील थोर शास्त्रज्ञांच्या युगप्रवर्तक कार्याने भारावून जाऊन...’ वाक्य मोठं, माहिती शून्य. त्यांनी काय मोजलं, किती अचूक मोजलं, काय राहून गेलं, यातलं काहीच नाही. परीक्षकाला अशी विशेषणं दिसली की शंका येते, वाचलंय की नुसतं ऐकलंय?

तेव्हा आज तुमचा मसुदा काढा. ‘क्रांतिकारी’, ‘अद्भुत’, ‘अत्यंत महत्त्वपूर्ण’ यांच्याखाली रेघ मारा. प्रत्येक जागी कारण किंवा आकडा देता येतो का बघा. येत नसेल, तर तो पेपर पुन्हा वाचायला हवा. मला तीन पुन्हा वाचावे लागले.

आभाराच्या पानावर मात्र खुशाल ऊतू जा. तिथे कुणी रेघ मारत नाही.