नेतृत्वविकासाची पुस्तके आणि मिलिंदचा दाखला

महाविद्यालयीन नेतृत्वविकासावरील पुस्तकांत एक उणीव प्रकर्षाने जाणवते. नेत्याच्या गुणांची यादी त्यांत असते. ते गुण कोणत्या वातावरणात निपजतात, याची चर्चा क्वचितच आढळते. उदाहरणेही बहुधा परदेशी उद्योगसमूहांची.

वस्तुतः विचारार्ह दाखला आपल्या शहरातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. परिसराचे नाव नागसेनवन. महाविद्यालयाचे मात्र नागसेनास प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. हा नामकरणाचा विवेक पुस्तकी गुणयादीहून अधिक बोलका आहे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. पुढे प्राचार्य म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे लक्ष वेधले. येथे अध्यापन केलेल्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालविले. रंगमंच आणि नियतकालिक ही येथील नेतृत्वघडणीची साधने होत; पद अथवा प्रमाणपत्र नव्हे.

यामागे चळवळीचे बळ होते, ते आठवड्याच्या कार्यशाळेस कोठून यावे, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि वार्षिकांकाचे संपादन विद्यार्थ्यांच्या हाती खरोखर सोपविणे कोणत्याही प्राचार्यास शक्य असते. या पुस्तकांत त्याचा विचार सहसा नसतो.