दीर्घिकांची दाटी आणि ‘मोजणे’ हे क्रियापद

विश्वाचे प्रसरण हा विषय मराठीस नवा नाही. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी तो अनेक वर्षे मराठीतून मांडला, आणि २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आल्याने त्या लेखनास साहित्यात मानाचे स्थानही मिळाले. तथापि गेल्या दोन दशकांत दीर्घिकांच्या परस्परसान्निध्यावरून वैश्विक अंतरे ठरविण्याची जी पद्धती पुढे आली आहे, तिचे मराठी निरूपण बहुधा फसते. हा दोष विज्ञानाच्या अज्ञानाचा नसून शब्दयोजनेचा आहे, असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम पद्धतीचे स्वरूप पाहू. आरंभीची सुमारे ३,८०,००० वर्षे प्रकाश व द्रव्य एकमेकांत गुंतलेले होते आणि त्या तप्त मिश्रणातून ध्वनितरंग पसरत होते. विश्व निवल्यावर प्रकाश मोकळा झाला व तरंग थिजले. त्यांनी तोवर कापलेले अंतर आजच्या मापाने सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षे भरते. त्यामुळे कोणत्याही दीर्घिकेपासून एवढ्या अंतरावर दुसरी दीर्घिका सापडण्याचा संभव किंचित, शेकडा एकाच्या आसपास, अधिक असतो. हे आधिक्य २००५ साली दोन स्वतंत्र सर्वेक्षणांत स्पष्टपणे आढळले. त्यांपैकी स्लोन सर्वेक्षणाच्या अभ्यासात ४६,७४८ दीर्घिका विचारात घेतल्या होत्या. ही ज्ञात लांबी आकाशात किती कोन व्यापते यावरून दूरत्व कळते. प्रकाश तांबड्या रंगाकडे किती सरकला, म्हणजेच त्याची ताम्रसृती किती, यावरून दरम्यान विश्व किती पटींनी ताणले गेले ते कळते. दोहोंची सांगड घातली की प्रसरणाचा इतिहास हाती येतो.

निरूपणातील अडचण ‘समूह’ या शब्दापाशी सुरू होते. पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतील संशोधकांनी २०१७ साली ‘सरस्वती’ नावाचा महासमूह जाहीर केला. तो मीन राशीच्या दिशेस सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्यात दीर्घिकांचे ४३ मोठे समूह व गट आहेत. ही एक वस्तू आहे. तिला नाव आहे, ठिकाण आहे. उलट, ४९ कोटी प्रकाशवर्षांची ती लांबी कोणत्याही एका समूहात दिसत नाही. ती असंख्य जोड्यांच्या बेरजेतच प्रकट होते. ती वस्तू नव्हे, प्रवृत्ती आहे. दोहोंस ‘समूह’ हाच शब्द योजला, की शास्त्रज्ञ एखाद्या समूहावर दुर्बीण रोखून त्याचीच लांबी घेतात, अशी वाचकाची समजूत होते. प्रवृत्तीसाठी ‘दाटणे’ या क्रियापदापासून आलेला ‘दाटी’ हा शब्द मराठीत तयारच आहे.

हा भेद आपल्या परिसरात सहज पटतो. रेल्वे ठाण्यास १८५३ साली व कल्याणास १८५४ साली पोहोचली आणि पुढे वस्ती स्थानकांभोवती दाटत गेली. डोंबिवली हा घरांचा समूह. घरे स्थानकाजवळ दाटतात, ही प्रवृत्ती. ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील रात्रीच्या दिव्यांचा नावे नसलेला नकाशा हाती दिला आणि प्रत्येक दोन दिव्यांमधील अंतर टिपून घेतले, तर कळवा, मुंब्रा वा ठाकुर्ली ही नावे ठाऊक नसतानाही दाटीचे स्वरूप उमटेल. दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. खाडी, डोंगर व जुनी गावे यांमुळे स्थानकांमधील अंतरे विषम आहेत. आकाशातील ती लांबी मात्र सर्वत्र एकच मानता येते. म्हणूनच ती मापदंडाचे काम करते.

येथे ‘मोजणे’ या क्रियापदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपण नाणी मोजतो आणि कापडही मोजतो. परिभाषेने या दोन अर्थांची ‘गणना’ व ‘मापन’ अशी फाळणी केली. काटेकोरपणासाठी ती आवश्यकही होती. परंतु प्रस्तुत पद्धतीत मापन हे गणनेतूनच निघते: जोड्या मोजल्या म्हणजे अंतर मोजले जाते. जे सांगण्यास परिभाषेला एक परिच्छेद लागतो, ते हे घरगुती क्रियापद एका वाक्यात सांगते. तीच गोष्ट प्रसरणाची. ‘दीर्घिका दूर पळतात’ या वाक्यास पळणारा कर्ता लागतो आणि चित्र चुकते. ‘अंतर वाढते’ या साध्या मराठी वाक्यात कोणी पळत नाही, आणि भौतिकीस अभिप्रेत असलेला अर्थही तोच आहे.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. ॲरिझोनातील किट पीक येथे ५,००० प्रकाशतंतूंनी चालणाऱ्या ‘देसी’ सर्वेक्षणाने मार्च २०२५ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख दीर्घिका व क्वेसार यांवर आधारलेले निष्कर्ष जाहीर केले. अन्य निरीक्षणांशी त्यांचा मेळ घातला असता, प्रसरणास वेग देणारी कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असा संकेत मिळतो. त्या संकेताचे बळ, कोणती निरीक्षणे जोडली त्यानुसार, २.८ ते ४.२ सिग्मा भरते. शोध म्हणून मान्यतेसाठी ५ सिग्मांची अपेक्षा असते. काहीतरी ‘दिसले’ असे ज्यास सांगितले, तो वाचक हे सत्य म्हणून स्वीकारील वा थट्टा म्हणून टाकील. काहीतरी ‘मोजले’ असे ज्यास कळले, तो किती मोजले, कशाशी ताडून पाहिले, असे विचारील. ‘क्षीण होत आहे’ आणि ‘क्षीण होत असावी’ यांतील भेद मराठी व्याकरणाने पूर्वीपासून जपला आहे. विज्ञानलेखकाने तो पाळला, तर निष्कर्षाबरोबर त्याचे वजनही वाचकाच्या हाती पडेल.